वझं कंबरेवर घे! : पाठीवरच्या सॅकची गोष्ट

कुणी एसटीत असेल, कुणी वावरात, कुणी अभ्यासाच्या नावाखाली गच्चीवर. जिथे असाल तिथे एक काम करा. पाठीला सॅक असेल तर तिचं ओझं नेमकं कुठे जाणवतंय ते बघा. खांद्यावर? मानेवर? की कंबरेवर? आजचा अख्खा एपिसोड या एका प्रश्नावर आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून. मागच्या हिवाळ्यात मी नवी कोरी पन्नास लिटरची सॅक मागवली. दिसायला एकदम हिमालय! पहिली चाचणी म्हणून गेलो लोणारला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात तयार झालेलं. सॅकमध्ये होतं अकरा किलो सामान. धारेजवळून पायऱ्या उतरायला लागलो तर सॅक मला मागे ओढायची. वर चढताना पट्टे खांद्यात असे रुतले की हाताला मुंग्या आल्या. आणि त्या सॅकला कंबरेचा जाड पट्टा होता बरं का! पण तो उगाच लोंबतो म्हणून मी मागच्या बाजूला बांधून टाकला होता.

तिथून खामगावजवळ आजीकडे मुक्कामाला गेलो. शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांवर लाल वळ. आजीनं बघितलं आणि म्हणाली, "काऊन रे बाप्पा, सारं वझं खांद्यावर घेतलं? मंग कंबर कायले देली देवानं?"

आजी शाळेत गेलेली नाही. पण पन्नास वर्षं तिनं कापूस वेचला आहे. त्या एका वाक्यामागे काय काय आहे, ते शोधता शोधता मी थेट पाच हजार वर्षं मागे गेलो.

आधी आपल्याकडचं बघू. माणसानं ओझं वाहायच्या किती तऱ्हा काढल्या! डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. खांद्यावर कावड, म्हणजे बांबूच्या दोन्ही टोकांना सारखं वजन. वारकऱ्याची पडशी बघा, एक कप्पा छातीवर, एक पाठीवर. कावड काय, पडशी काय, नियम एकच. वजन एका बाजूला झुकू द्यायचं नाही. आपल्या शेजारच्या अकोल्यात श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला आणतात, तिथे हा नियम आजही रस्त्यावर चालताना दिसतो.

बंजारा तांड्यांनी हेच शास्त्र बैलाच्या पाठीवर नेलं. दोन गोण्या, दोन बाजूंना, सारख्या वजनाच्या. एक जड झाली की खोगीर सरकतं, बैलाच्या पाठीला जखम होते आणि जखमी बैल म्हणजे बुडालेला धंदा. वऱ्हाडचा कापूस असा बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. 1803 साली आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी लढत या भागातून फिरली. सप्टेंबरात असईला लढाई झाली, ती जागा आज जालना जिल्ह्यात. नोव्हेंबरात अडगावला, ते अकोला जिल्ह्यात. या फौजांचं धान्य वाहत होते बंजाऱ्यांचे बैल. इतिहासात नाव सेनापतीचं राहतं, पण गोणी ज्यानं नीट बांधली त्याच्याशिवाय सेनापती दोन मुक्काम पुढे जाऊ शकत नव्हता.

मग आली रेल्वे. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला, तोही कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. बैलाच्या पाठीवरचं ओझं उतरलं. पण वावरातून बांधापर्यंतचं? ते बाईच्याच अंगावर राहिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येतोय त्याच्यावर.

आता जरा बाहेर डोकावू. 1991 साली आल्प्सच्या बर्फात एका माणसाचा देह सापडला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्याजवळ हेझेलची इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काठी आणि लाकडाच्या दोन पट्ट्या मिळाल्या. ती पाठीवरच्या सामानाची चौकट असावी, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. म्हणजे कल्पना जुनीच. नॉर्वेच्या ओले बर्गननं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाठीच्या आकाराची चौकट असलेली सॅक काढली. ब्रिटिश सैनिक आजही आपल्या सॅकला 'बर्गन' म्हणतात.

पण खरी गंमत अमेरिकेत झाली. डिक केल्टी नावाचा माणूस मित्रासोबत डोंगरात चालत होता. सॅकच्या चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली आणि काय आश्चर्य, खांदे एकदम हलके! वजन कंबरेवर गेलं होतं. 1952 च्या सुमाराला त्यानं आणि त्याची बायको नेना हिनं घरातच सॅक बनवायला सुरुवात केली. तो ॲल्युमिनियमची चौकट करायचा, ती पिशवी शिवायची. कंबरपट्टा हळूहळू सगळीकडे पोचला.

यामागचं कारण साधं आहे. खांद्याचं हाड स्नायूंच्या आधारानं लटकलेलं असतं. त्याच्यावर वजन टाकलं की मान आणि पाठ दोघींना ते तोलून धरावं लागतं. कंबरेचं हाड मात्र थेट मांडीच्या हाडावर टेकलेलं. वजन सरळ पायात जातं.

तर आता सॅक काढा, लावून बघू. रिकामी सॅक लावून काही कळत नाही, सहा-सात किलो सामान भरा. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. माझ्यासारख्या पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशात नकोत, त्याच मागे ओढतात. सगळे पट्टे सैल सोडा. पहिला पट्टा कंबरेचा. पोटावर नाही हं, बाजूला हात लावला की जे हाड लागतं, त्याच्या वरच्या कडेवर पट्ट्याचा मध्य आला पाहिजे. घट्ट करा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण नुसते टेकतील इतकेच. खांद्याच्या वर दोन बारीक पट्ट्या असतात, त्या साधारण 45 अंशात तिरप्या राहतील अशा ओढल्या की सॅक मागे झुकत नाही. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, श्वास अडणार नाही इतपत.

आणि विकत घेताना लिटर बघता ना, तशी पाठीची लांबीही बघा. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं, तिथपासून कंबरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत मोजायचं. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. माझी आहे! शाळेच्या दप्तराबद्दलही केंद्र सरकारच्या 2020 च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. धाकट्या भावंडाचं दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघा.

हे सगळं शिकून मी पुन्हा आजीकडे गेलो आणि विचारलं, तुला कसं माहीत होतं गं? तिनं जुनं लुगडं काढलं आणि कापूस वेचताना ओटी कशी बांधतात ते दाखवलं. गाठ कंबरेवर, कंबरेच्या त्याच हाडावर! वेचलेला कापूस ओटीत साठत जातो, खांदे मोकळे, दोन्ही हात मोकळे. केल्टीच्या कितीतरी आधीपासून आपल्या वावरात कंबरपट्टा होताच की.

मग तिची मान का दुखते? कारण ओटी भरली की तिचं गाठोडं व्हायचं आणि गाठोडं डोक्यावर जायचं. वावरातून काट्यापर्यंत. केनियातल्या बायकांवर 1986 साली एक प्रसिद्ध अभ्यास झाला. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून जवळपास जास्तीची ताकद न लावता नेतात, असं त्यात दिसलं. आपण लगेच म्हणतो, वा, काय कला आहे! पण पुढे दक्षिण आफ्रिकेत पाहिलं तेव्हा तसा फायदा सगळ्यांना होत नाही असं दिसलं. कलेचं कौतुक करताना मानेची किंमत कोण देतं, हे विचारायचं राहून जातं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वाहून नेण्याची वेगळी मजुरी आजीला कधीच मिळाली नाही.

मी माझी सॅक तिच्या पाठीला लावली. कंबरेचा पट्टा आधी, तिच्या मापानं. आत तेच अकरा किलो. अंगणात दोन चकरा मारल्या तिनं. मला वाटलं हसेल. ती थांबली, पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे माह्या वक्ती काऊन नोतं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॅकचा इतिहास वाचला की एक गोष्ट दिसते. हौसेनं चालणाऱ्यांची पाठ वाचावी म्हणून भरपूर डोकं चाललं, पोटासाठी वाहणाऱ्यांसाठी फार कमी.

तुमच्या घरात कुणी ओझी वाहिली असतील, तर आज रात्री विचारा, कसं वाहायचात? कुठे दुखायचं? आणि पुढच्या ट्रेकला निघताना, कंबरेचा पट्टा आधी!

भेटू पुढच्या भागात.