थळघाटाची संहिता

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कले यांचा पत्रव्यवहार व अहवाल बहुधा अर्थेतिहासाचे साधन म्हणूनच वाचले जातात. निवेदनप्रकार म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होते. १८४९ च्या करारान्वये कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी मिळाली, आणि तिच्यासोबत खर्चावर सरकारी देखरेखही आली. परिणामी या लेखनाला दोन वाचक लाभले : लंडनचे संचालक मंडळ आणि मुंबई सरकार. शिवाय १८६५ पूर्वी हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यात तारायंत्राचा दुवा नव्हता. उत्तर येण्यास महिने लागत, डोंगरातले काम मात्र थांबत नसे. अशा परिस्थितीत अनुमतीची विनंती आणि घेतलेल्या निर्णयाचे समर्थन यांतील सीमारेषा पुसट होणे अटळच होते.

कसारा ते इगतपुरी या सुमारे नऊ मैलांत लोहमार्ग ९७२ फूट चढतो; तेरा बोगदे, तीव्रतम चढ ३७ स अेक. सह्याद्री येथे प्रमाणांत विरघळतो. हा घाट ओलांडल्यावर येणाऱ्या पंचवटीला मात्र कथेने अर्थ दिलेला आहे; स्थळमाहात्म्यात भूगोल हा प्रसंगांचा क्रम असतो. एकाच प्रदेशाच्या या दोन संहिता परस्परांना जणू ओळखतच नाहीत.

त्यांतील खरा भेद नोंदीचा आहे. नाशिकचे तीर्थोपाध्याय आपल्या चोपड्यांत यात्रेकरूचे नाव, गाव, कुळ लिहून ठेवीत. अभियंत्याच्या गद्यात बोगदा ‘खोदला जातो’, भराव ‘घातला जातो’. बोरघाटावर जानेवारी १८६१ मध्ये सुमारे ४२,००० माणसे राबत होती; ती संख्या उरली, माणसे उरली नाहीत. कर्मणी प्रयोग ही येथे केवळ शैली नव्हे. अर्थात चोपडीला निरागस मानण्याचेही कारण नाही. ज्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, तेथील नोंदी कोणाला स्थान देतात हेही तपासूनच पाहावे लागते.

बर्कले १८६२ मध्ये वारले. थळघाट १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला. या कागदपत्रांत मजूर ठळकपणे कर्ता होतो तो १८५९ च्या प्रारंभी, थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगा उसळला तेव्हा. वाक्यरचना तेथे बदलते. नाव मात्र तेव्हाही येते ते कंत्राटदाराचेच.