माशीचें शिक्षण

देवगांव फाट्यावर पिकल्या पेरूंची पाटी मांडली, कीं घटकाभरांत तिच्यावर तांबड्या डोळ्यांच्या बारीक माश्या जमतात. हाकलाव्या, तर पुन्हां हजर! या क्षुद्र जीवास पूर्वानुभवाचा कांहीं उपयोग होत असेल, असें कोणास वाटेल? परंतु शिकणें म्हणजे काय, या प्रश्नाच्या इतिहासांत याच फळमाशीनें मानाचें स्थान मिळविलें आहे. आणि त्यांतील एक प्रकरण मुंबईंत घडलें.

डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी यांनीं १९६२ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रेण्वीय जीवशास्त्राचें काम सुरू केलें. पुढें अमेरिकेंत सीमूर बेन्झर यांच्यासमवेत त्यांनीं फळमाशीच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला. बेन्झर यांच्याच प्रयोगशाळेंतून १९७४ सालीं सिद्ध झालें, कीं एखाद्या वासाबरोबर विजेचा धक्का दिला, तर माशी पुढें तो वास टाळते. अनुभवानें वर्तन बदलतें, हें कळलें. पण हा बदल मेंदूंत कोठें होतो?

उत्तराची वाट घ्राणेंद्रियांतून जात होती. गोमंतकीय कुळांतील, केनियांत जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज सिद्दीकींना येऊन मिळाल्या. वास ओळखण्यांत उणीव असलेल्या माश्या निवडून त्या दोघांनीं आनुवंशिक दोषांचा माग काढला. त्यांचा निबंध १९७८ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें बंगळूर व डब्लिन येथील सहकाऱ्यांसह रॉड्रिग्ज यांनीं वेगळाच प्रश्न हातीं घेतला. नकोशा वासांत माशीला चार दिवस ठेवलें, तर ती त्याला पूर्वीइतकी टाळीत नाहीं. नाक थकलें म्हणावें, तर वास टिपणाऱ्या पेशी शाबूत होत्या! बदल झाला होता तो मेंदूच्या पहिल्या ठाण्यांत. तेथील आवर घालणाऱ्या पेशींची, वासाचा निरोप पुढें नेणाऱ्या पेशींवरील पकड घट्ट झाली होती. म्हणून नित्याचा वास दबला. इतर वास मात्र पूर्ववत् जाणवत राहिले. हा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पण तो छापलेला पाहण्यास रॉड्रिग्ज राहिल्या नव्हत्या. २०१० सालींच त्या निवर्तल्या.

माशीच्या मेंदूंत सुमारें १ लक्ष ४० हजार चेतापेशी असतात, तर माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी. तेव्हां एकाचा नियम दुसऱ्यास जसाच्या तसा लावणें घाईचें होईल. तथापि एवढें खरें, कीं सवय म्हणजे इंद्रियांचा आळस नव्हे. दुर्लक्ष करणें हेंहि शिकावें लागतें. आणि नित्याचें बाजूस सारतां येतें, म्हणूनच नव्याची चाहूल लागते.