कुत्र्याचें नांव आणि छायाचित्रकला

जालन्यांतील एखाद्या षोकी छायाचित्रकारानें कुत्र्याचें पिलूं घरीं आणलें आणि त्यास आपल्या कलेंतलेंच नांव हवें असा हट्ट धरला, तर त्यानें प्रथम इतिहास चाळावा.

जालना १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेथील सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) या छायाचित्रकारास 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. नांव भारदस्त खरें. परंतु थोर कलावंताचा किताब उच्चारून कुत्र्यास भाकरी टाकणें शिष्टसंमत नव्हे. माणसाचा मान माणसाकडेच राहूं द्यावा.

मग उरतें 'कोडॅक'. १८८८ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं शंभर चित्रें निघतील एवढी फिल्म घातलेला कॅमेरा विकावयास काढला आणि त्यासाठीं हा शब्द मुद्दाम बनविला. कोणत्याहि भाषेंत त्यास अर्थ नव्हता. नांव आंखूड असावें, उच्चारास चुकूं नये, दुसऱ्या कशाशीं त्याचा घोटाळा होऊं नये, एवढाच त्यांचा कटाक्ष. आणि 'क' हें अक्षर तर त्यांस विशेष जोरकस वाटे.

कुत्र्याच्या नांवास तरी याहून निराळें काय लागतें? साताऱ्याच्या शाहू महाराजांचा कुत्रा 'खंड्या'. त्याची समाधि संगम माहुलीस आहे. तेंहि नांव दोनच अक्षरांचें, कंठांतून ठणकून निघणारें, वाड्याच्या दुसऱ्या टोंकास ऐकूं जाणारें. कोडॅक त्याच जातीचें. घरांतील मुलें आठ दिवसांत त्याचा 'कोडक्या' करतील, एवढेंच.