नागपुरातील बंगाली स्थलांतरित आणि कौटुंबिक आधारव्यवस्था : धंतोलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना
नागपूरच्या जडणघडणीचा विचार रेल्वे, गिरण्या व कचेऱ्या यांच्या अंगाने होतो. परक्या शहरात पाय रोवण्यास ज्या नात्यांनी हात दिला, ती मात्र दुर्लक्षित राहतात. बंगाली समाजाच्या संदर्भात या नात्यांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी
१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनले. नव्या प्रशासनास इंग्रजी जाणणारे वकील, शिक्षक व कारकून हवे होते. बंगालमध्ये हे शिक्षण आधी रुजल्याने तेथील सुशिक्षितांना संधी मिळाली. १८७० च्या दशकात आलेले बिपिनकृष्ण बोस १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने या स्थलांतरास गती दिली.

नाते आणि कायदा
अशा स्थलांतराची रीत साखळीची असते. आधी आलेल्याच्या बिऱ्हाडी धाकटा भाऊ, भाचा किंवा मेहुणा उतरतो आणि नोकरी लागेपर्यंत त्याचा भार ते घर वाहते. या आधारास केवळ मायेचा पाया नव्हता. स्थलांतरित हिंदू कुटुंब आपल्या मूळ प्रदेशाचा कायदा सोबत आणते, असे न्यायालये गृहीत धरीत. त्यामुळे मिताक्षरा प्रचलित असलेल्या नागपुरातही बंगाली कुटुंबास सामान्यतः दायभाग लागू होई. मिताक्षरेनुसार अविभक्त कुटुंबातील निपुत्रिक पुरुषाचा हिस्सा इतर सहदायादांकडे जाई, तर दायभागानुसार तो विधवेस हयातीपुरता मिळे. १९३७ च्या कायद्याने हे अंतर बरेच कमी केले. तोवर परमुलखात पती गमावलेली बंगाली स्त्री कायद्याच्या दृष्टीने निव्वळ आश्रित नव्हती. प्रत्यक्षात तो हक्क बजावण्यासाठी मात्र तिला आप्तांचेच पाठबळ लागे.

नात्यापलीकडे
ज्यांचे येथे कोणी आप्त नव्हते, त्यांच्यासाठी संस्था महत्त्वाच्या ठरल्या. धंतोलीतील दीनानाथ हायस्कूल व तेथील दुर्गापूजा यांतून भाषा, ओळखीपाळखी व सोयरिकी टिकल्या. १९२८ मध्ये धंतोलीत स्थापन झालेला रामकृष्ण मठ याहून वेगळा ठरतो. बंगालमध्ये उगम पावलेल्या या परंपरेने मराठी प्रकाशनांद्वारे स्थानिक वाचकांशी नाते जोडले.

निष्कर्ष
कुटुंबाने निवारा दिला, कायद्याने हक्क दिला आणि संस्थांनी आप्तांची उणीव भरून काढली. तथापि, नात्यांवर उभी असलेली व्यवस्था नाते नसलेल्यास सहज सामावून घेत नाही. म्हणूनच स्थलांतरिताचे शहराशी खरे नाते आप्तांचे वर्तुळ ओलांडल्यावरच जुळते, असे धंतोलीच्या उदाहरणावरून दिसते.