वाघिणीचें ओझें

नगर जिल्ह्याच्या नशिबीं अवर्षण नवें नाहीं. पश्चिमेकडील अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला, तर हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेला. येथील कुणब्याची भिस्त रब्बीच्या जोंधळ्यावर आणि जोंधळ्याची भिस्त हस्ताच्या पावसावर. १८७६ सालीं त्या पावसानें दगा दिला. विहिरी आटल्या, कडबा संपला, पेवें रिकामीं झालीं. इतर प्रांतांत धान्य नव्हतें असें नाहीं. परंतु तें नगरच्या खेड्यांपर्यंत पोंचावें कसें, हा प्रश्न होता.

तोंपर्यंत धान्याची वाहतूक बैलाच्या पाठीवरून व बैलगाडीनें होत असे. लमाणांचे तांडे पिढ्यान् पिढ्या हाच धंदा करीत. पण बैल हें असें वाहन आहे कीं, वाटेंत चारा नि पाणी मिळालें तरच तें चालतें. ज्या सालीं माणसाला धान्य हवें असतें, नेमका त्याच सालीं बैलाला चारा नसतो. लांबच्या मजलेंत आणलेल्या धान्यांतून बैलांचा खुराक काढावा लागला, तर शेवटीं गांवांत उतरतें काय? वाहणाराचें ओझें वाहिल्या जाणाऱ्या मालाला खातें, हा वाहतुकीचा सर्वांत जुना हिशेब आहे. बैल गेला आणि लोखंड आलें, तरी तो हिशेब सुटला नाहीं. मालगाडीच्या वाघिणीचा इतिहास म्हणजे याच हिशेबाचा इतिहास होय.

नगर जिल्ह्याला रेल्वे मिळाली ती याच दुष्काळांत. मुंबईहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दोन शाखा पूर्वींच तयार झाल्या होत्या. एक शाखा थळ घाट चढून मनमाडवरून १८७० मध्यें जबलपुरास पोंचली. दुसरी बोर घाट चढून पुणें, धोंड, सोलापूर करीत १८७१ मध्यें रायचुरास गेली. उत्तरेकडील धान्य दक्षिणेंत न्यावयाचें, तर एक घाट उतरून कल्याणला यावें आणि दुसरा घाट पुन्हा चढावा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. या दोन शाखांना घाटावरच्या घाटावर जोडणारी धोंड-मनमाड ही सुमारें १४६ मैलांची सरकारी रेल्वे १८७८ मध्यें सुरू झाली. तिचें मातीकाम दुष्काळी कामांपैकीं एक होतें. श्रीगोंदें, नगर, राहुरी, कोपरगांव या तालुक्यांतून जाणारा हा लोहमार्ग ज्यांनीं डोक्यावर पाट्या वाहून उभारला, त्यांच्याच पोटासाठीं त्यावरून पुढें धान्याच्या वाघिणी यावयाच्या होत्या.

'वाघीण' हा शब्दहि मराठी माणसाच्या बेदरकार वृत्तीचा एक नमुना आहे. इंग्रजांच्या 'वॅगन'ला त्यानें सरळ वाघीण केलें आणि कोशांत नेऊन बसविलें. रानांतली वाघीण व रुळावरची वाघीण यांत साम्य एवढेंच कीं, दोघींच्याहि पोटांत पुष्कळ मावतें!

रेल्वेच्या आरंभींच्या काळांत या वाघिणीचा सांगाडा विलायतेंत लांकडाचा असे. तेथें ओक, येथें साग. दोन लांब तुळया उभ्या बाजूंस, दोन जाड तुळया दोन्ही टोंकांस, मध्यें आडवे व तिरपे दांडे आणि वर फळ्या, अशी ही चौकट. सुतारकामाच्या दृष्टीनें ती उत्तम होती, परंतु हिंदुस्थानची हवा तिला मानवेना. वैशाखाच्या उन्हांत लांकूड आकसावें, सांधे ढिले पडावे, खिळे हलावे. आषाढांत तेंच लांकूड फुगावें. आणि जें ऊनपावसांतून वांचलें त्यावर वाळवीनें ताव मारावा. म्हणून या देशांत सांगाडाच नव्हे, तर बंद वाघिणीचें सगळें अंगहि लोखंडाचें करण्याकडे फार लौकर कल झाला. सागाची वाघीण दिसण्यांत हलकी, पण दुरुस्तीला महाग, असा अनुभव आला.

आतां या लोखंडी सांगाड्यावर काय काय प्रसंग येतात, तें पाहिलें पाहिजे. पहिला भार उभा. पोत्यांचें वजन फळीवर, फळीचें आडव्या दांड्यांवर, दांड्यांचें दोन लांब तुळयांवर, तेथून कमानींवर, कमानींवरून आंसाच्या पेटीवर आणि शेवटीं चाकांवरून रुळावर उतरतें. या भारानें लांब तुळई मध्यभागीं वांकूं पाहते. तुळई वांकते तेव्हां तिची वरची कड दाबली जाते व खालची कड ताणली जाते. मधल्या भागाला त्या मानानें काम थोडें. मग मधल्या भागांत लोखंड वाया कां घालवावें? म्हणून भरीव चौकोनी तुळईऐवजीं पन्हाळीच्या आकाराची तुळई आली. तिचें लोखंड वरच्या व खालच्या कडांना एकवटलेलें असतें आणि मध्यें पातळ पत्रा राहतो. वजन कमी होतें, पण बळ कमी होत नाहीं.

दुसरा प्रसंग आडवा, आणि तो पहिल्याहून कठीण. एंजिन ओढतें तें मधल्या आंकड्यानें. पण गाडी थांबतांना किंवा यार्डांत वाघिणी एकमेकींवर आदळतांना जो धक्का बसतो, तो जुन्या पद्धतींत दोन कोपऱ्यांवरील बफरांवर बसे. म्हणजे ओढ मधून व ढकल बाजूंनीं. ओढीचें बळ टोंकाच्या आडव्या तुळईनें मध्यें झेलावयाचें व बाजूच्या तुळयांना वांटून द्यावयाचें. ढकल मात्र थेट बाजूच्या तुळयांत शिरावयाची. त्यांतून एका बफरावर धक्का अधिक बसला, तर साऱ्या चौकटीचा चौकोन तिरपा होऊं पाहतो. यासाठींच चौकटींत कोपऱ्यांकडे जाणारे तिरपे दांडे घालीत. खाटेची चौकट डगमगूं लागली म्हणजे सुतार तिला तिरपी पट्टी ठोकतो, त्यांतलाच हा प्रकार.

प्रत्येक संकटावर लोखंड वाढविणें हा सोपा उपाय आहे. परंतु तेथेंच बैलाचा जुना हिशेब पुन्हा पुढें उभा राहतो. रूळ, पूल आणि आंस यांना सोसेल एवढेंच एकंदर वजन वाघिणीला घेतां येतें. सांगाडा एका टनानें जड झाला, कीं धान्य एका टनानें कमी झालें. हा एक टन म्हणजे किती? सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ मध्यें दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजाचा जो आधार धरला, तो दिवसाला एक पौंड धान्य व वर कांहीं पैसे असा होता. एवढ्यावर कष्टकरी माणूस जगणार नाहीं, म्हणून त्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आवाज उठविला, तो योग्यच होता. पण तेंच अपुरें माप धरलें, तरी एका टनांत २२४० माणसांचें एक दिवसाचें धान्य होतें. चाळीस वाघिणींच्या एका गाडींत प्रत्येक सांगाडा एक टनानें हलका झाला, तर ८९,६०० माणसांची एक दिवसाची शिदोरी अधिक येते. कारखान्यांतील नकाशावर एक रेघ बारीक होते, ती दूर कोठें तरी एका चुलीपर्यंत पोंचते.

हा हिशेब ज्यानें अक्षरशः पौंडापौंडानें मांडला, तो गृहस्थ नगरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत काम करून गेला. त्याचें नांव एव्हरर्ड कॅलथ्रॉप. पूर्वीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत असलेल्या या इंजिनियरानें बारशी लाइट रेल्वे काढली. बारशी ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य रेल्वेपासून दूर. १८९७ मध्यें कुर्डूवाडीच्या बाजूनें बारशीपर्यंत अडीच फूट रुंदीची ही चिमुकली रेल्वे सुरू झाली. रुंद मार्ग साडेपांच फुटांचा असतां ही निम्म्याहूनहि अरुंद! रूळ यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे. तेव्हां कॅलथ्रॉपनें नियम घालून घेतला, कीं एंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. चार आंसांच्या वाघिणीला मालासकट वीस टन ही लक्ष्मणरेषा. या वीसांत सांगाड्यानें जितकें कमी खावें, तितकें मालाला अधिक मिळावें.

यासाठीं त्यानें लीड्स फोर्ज या कारखान्याची कास धरली. तेथें सॅमसन फॉक्स यानें दाबीव पोलादाची युक्ति काढली होती. पूर्वींच्या चौकटींत पत्रा, कोनपट्टी, जोडपट्टी असे तुकडे रिव्हेटांनीं जुळवावे लागत. प्रत्येक रिव्हेटासाठीं भोंक, प्रत्येक भोंकानें पत्रा तितका अशक्त आणि त्याची भरपाई म्हणून पत्रा पुन्हा जाड, असें तें दुष्टचक्र. फॉक्सनें पोलादाचा अखंड पत्रा लाल तापवून पाण्याच्या दाबाच्या प्रचंड यंत्रांत सांच्यावर दाबला आणि कडांसकट सबंध तुळई एका घांसांत काढली. सांच्यानें हवा तो आकार देतां येई. म्हणून तुळई टोंकांना उथळ व मध्यें, जेथें वांकण्याची भीति अधिक तेथें, खोल ठेवितां आली. माशाच्या पोटासारखा हा आकार म्हणजे जेथें गरज तेथेंच पोलाद, या तत्त्वाचें मूर्तिमंत चित्र होय. बारशीच्या वाघिणी पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद अशा एकाच मापाच्या चौकटीवर बांधल्या. त्यामुळें सुटे भागहि एकाच जातीचे पुरत. या वाघिणींतून कापूस गेला, गळिताचीं धान्यें गेलीं, आणि पंढरीच्या यात्रेच्या गर्दींत, त्या काळच्या प्रथेप्रमाणें, माणसेंहि गेलीं. विठोबाच्या भक्तांना मालाच्या वाघिणींत कोंबावें, याबद्दलची तक्रार हिंदुस्थानांतील सर्वच यात्रांच्या रेल्वेंविषयीं होत असे. सांगाडा कितीहि कुशल असला, तरी तो वापरणाराची दानत सुधारूं शकत नाहीं.

दानतीचा हा प्रश्न धान्याच्या बाबतींतहि सुटत नाहीं. १८८० च्या फॅमिन कमिशननें दुष्काळावरील उपाय म्हणून रेल्वे वाढविण्याची शिफारस केली आणि रेल्वेमुळें धान्य लौकर पोंचूं लागलें, हें खरें. परंतु जी वाघीण धान्य आणते, तीच धान्य नेतेहि. १८७७ च्या दुष्काळांतहि हिंदुस्थानचा गहूं विलायतेस जातच होता. रुळावर गाडी दोन्ही दिशांना सारखीच सहज धांवते. तिनें कोणत्या दिशेनें भरून जावें, हें इंजिनियर ठरवीत नाहीं, पेढी आणि सरकार ठरवितें.

पुढच्या काळांत नगर जिल्ह्यानें वाघिणीला नवीं नवीं कामें दिलीं. १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढला आणि १९५० मध्यें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. साखरेला छप्पर न गळणारी बंद वाघीण हवी. एक सांधा उसवला तर पोत्याचा पाक व्हावयाचा. उलट, नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रासाठीं रणगाडे न्यावयाचे, तर बाजूंच्या भिंतीच नकोत, सपाट तळ हवा. आणि तोहि असा कीं, चाळीस टनांच्या आसपासचें धूड थोड्या जागेंत एकवटून बसलें तरी मधल्या तुळयांनीं मान टाकूं नये. चाळीस टन साखर तळावर सर्वत्र सारखी पसरते. चाळीस टनांचा रणगाडा पसरत नाहीं. वजन एकच, पण सांगाड्याला पडणारा पेंच निराळा.

१९६० च्या सुमारास आपल्या रुंद मार्गावर 'बॉक्स' जातीच्या आठ चाकांच्या मोठ्या उघड्या वाघिणी आल्या आणि सांगाड्याचें शास्त्रच पालटलें. कोपऱ्यांवरचे बफर गेले. ओढ व ढकल दोन्हीहि मधल्या एकाच जोडणींतून होऊं लागली. त्यामुळें बळाचा मार्ग सरळ झाला आणि चौकटीच्या मधोमध जाणारी जाड तुळई हा वाघिणीचा पाठीचा कणा बनला. रिव्हेटांच्या जागीं वेल्डिंग आलें. भोंकें गेलीं, एकावर एक पत्रे चढविणें गेलें आणि त्या दोन पत्र्यांच्या फटींत पाणी मुरून लागणारा गंजहि पुष्कळ कमी झाला. बाजूच्या भिंती नुसत्या आडोशापुरत्या न राहतां तुळईचें काम करूं लागल्या. १९८० नंतर आलेल्या 'बॉक्सएन' वाघिणीचें स्वतःचें वजन सुमारें साडेबावीस टन व मालाचें सुमारें साडेअठ्ठावन टन. त्यानंतर न गंजणाऱ्या पोलादाची 'बॉक्सएनएचएल' आली. तिचें वजन २०.६ टन, माल ७१ टन! सांगाडा सुमारें दोन टनांनीं उतरला आणि माल बारा टनांहून अधिक चढला. यांतला बराच वांटा मजबूत झालेल्या रुळांचा व आंसांचा आहे; तरी पण टनाला टनानें झगडणाऱ्या त्या जुन्या हिशेबाचा हा आजवरचा सर्वांत सुखद ताळेबंद आहे.

आणि तरीहि अवर्षण हटलेलें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेला तांबडा मिलो महाराष्ट्राच्या खेड्यांत वांटला गेला, त्याची चव वडीलधाऱ्यांच्या जिभेवर अद्याप असेल. २०१६ च्या एप्रिलांत तर लातूरला धान्य नव्हे, पाणीच आगगाडीनें न्यावें लागलें. मिरजेहून निघालेल्या त्या गाडीच्या टांक्या आधीं तेलाच्या होत्या. त्या कोटा येथील कारखान्यांत वाफेनें धुऊन घेतल्या होत्या. एकेका टांकींत सुमारें पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसतें पाणीच पन्नास टन. ही गाडी गेली ती बव्हंशीं कॅलथ्रॉपच्या जुन्या बारशी रेल्वेच्याच वाटेनें; मात्र त्या मार्गाचें रुंदीकरण त्याच्या कांहीं वर्षें आधींच पुरें झालें होतें. ज्या वाटेवर एका आंसाला पांच टनांची मर्यादा होती, त्या वाटेनें पाण्यापोटींच आंसाला बारा टनांवर भार गेला.

२०२४ पासून जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. ज्या अहिल्याबाईंनीं देशभर विहिरी, घाट व बारवा बांधल्या, त्यांचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडीचा. त्या बांधकामांतला विचार आणि हलक्या सांगाड्यांतला विचार मुळांत फार दूरचे नव्हेत. साधन स्वतः थोडें खाऊन दुसऱ्याला अधिक कसें देईल, हीच दोन्हींकडची दृष्टि. फरक इतकाच कीं, बारव जेथें बांधली तेथेंच राहते व तहानलेल्याची वाट पाहते. वाघीण मात्र कोणी तरी योग्य दिशेनें पाठवावी लागते.