रेव्हरंड टिळकांची उपासना

रत्नागिरी म्हटली की लोकमान्य टिळक आठवतात. याच जिल्ह्यात करजगावी 1861 साली आणखी एक टिळक जन्मले, नारायण वामन. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि 1900 साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

तेव्हा मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गाणी बरीचशी इंग्रजी चालींवर असत. शब्द मराठी, सूर परका. ज्याचे कान अभंगावर पोसलेले, त्याचे मन त्यात कसे रमावे? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी अभंग रचले, पदे रचली. नगरला ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीच सुरू झाले होते. टिळकांनी त्यात आपले काव्य ओतले. टाळ तोच, निरूपणाची रीत तीच, आख्यान मात्र वधस्तंभावरच्या बलिदानाचे. खेड्यातला माणूस ते ऐकायला बसे, यात नवल ते काय!

बलिदान नुसते गाऊन भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. हे साऱ्यांनाच रुचणारे नव्हते.

1919 साली ते गेले. ‘ख्रिस्तायना’चे दहाच अध्याय झाले होते. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले.