म्हसवडचें पाणी

वनविहार म्हटला कीं सातारा जिल्ह्यांतील कुटुंबांस महाबळेश्वर आठवतें. अवर्षणाच्या माणदेशांतील म्हसवड सहसा कोणास आठवत नाहीं. तथापि सिद्धनाथाचें दर्शन घेऊन माणगंगेच्या कांठानें, बाभळींच्या विरळ सावलींतून, पूर्वेस राजेवाडीच्या तलावाकडे मुलांमाणसांसह अवश्य जावें. बरोबरचा माहीतगार वाटाड्या पाणपक्षी दाखवील. त्यानें धरणाची भिंतही दाखवावी. हा जलाशय निसर्गाची देणगी नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळांत उपाशी लोकांस काम देण्यासाठीं तो हातीं घेण्यांत आला. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी मजुरीचा हिशेब रोजी एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्यावर आणला. तेव्हां मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. इतक्या तुटपुंज्या अन्नावर माती वाहणाऱ्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर शोधूं नयेत. त्यांनीं अडविलेलें पाणी मात्र आजही खालीं आटपाडी-सांगोल्याच्या शेतांस मिळतें. मुलांस पक्ष्यांचीं नांवें शिकवितांना हेंही सांगावें, कीं ज्या पाण्यावर हे पक्षी उतरतात, तें भुकेल्या माणसांच्या श्रमांनीं थांबलेलें आहे.